गादीखालचा वरवंटा

कवठेकरांच्या घरी बाळ आलंय हे खालच्या मजल्यावरच्या बिरनाळेमामींना कळलं ते बारशाच्या पेढ्यांवरून, रडण्यावरून नव्हे. बारशानंतरही वरून कधी ट्यँहॅ ऐकू आलं नाही. मामी जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या, इतकं गुणाचं पोर उभ्या सांगलीत सापडायचं नाही. बाळाच्या आजीच्या, जयश्रीकाकूंच्या, अंगावर ते ऐकून मूठभर मांस चढायचं.

ज्या अंगावर ते खरोखर चढायला हवं होतं तिथे मात्र चढलेलं नव्हतं. त्या सकाळी बालसेविका वृषाली कुंभोजकर दिवाणखान्याच्या मधोमध काटा धरून उभी होती. काट्याला अडकवलेल्या झोळीत पाच आठवड्यांची कृष्णाई शांत निजलेली, आणि काट्यावरचा आकडा गेल्या आठवड्याचाच. वृषालीने झोळी उतरवली, काटा रिकामा करून तपासला, झोळी पुन्हा चढवली. आकडा जागचा हलेना. त्याआधीच्या आठवड्यातही वाढ नावापुरतीच झाली होती. तेव्हा वृषालीने स्वतःची समजूत घातली होती की एखादा आठवडा असा जातो. दुसराही तसाच गेल्यावर ती समजूत घालता येत नाही.

काकूंचं म्हणणं, त्यांच्या घरातली हाडंच बारीक. शार्दूलही, म्हणजे त्यांचा मुलगा आणि बाळाचा बाप, लहानपणी असाच काडीपैलवान होता. बाळाची आई मिहिका मात्र काट्याकडे बघत होती. ती कृष्णेवरच्या पुलांची थरथर मोजणाऱ्या खात्यात इंजिनिअर होती, आणि आकडा सारखा तोच आला तर त्याचा अर्थ काय असतो हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

"ताई, काळजीचं आहे का?" तिने विचारलं.

"आहे," वृषाली म्हणाली.

खोटा धीर देणं तिच्या कामात बसत नव्हतं. बाळंतघरात खोट्या धीराचं लोणचं बरण्या भरून तयार असतं, त्यासाठी शिकलेली बाई बोलवायची गरज नाही, असं ती म्हणायची. ती नर्सिंगची पदवी घेतलेली, मिरजेत नवजात बाळांच्या विभागात बरीच वर्षं काढलेली बाई होती. तिथून बाहेर पडून तिने स्वतःची सेवा सुरू केली. घरोघर जायचं, आईचं दूध, बाळाची अंघोळ, टाळू, नाळ, सगळं बघायचं, आणि मुख्य म्हणजे त्या घराला झोप मिळवून द्यायची. रडवून रडवून दमवलं की पोर झोपतं, हा उपाय तिला अजिबात मान्य नव्हता. म्हणून तर 'डुलकी' पाळणा बाजारात आला तेव्हा जिल्ह्यात तो पहिल्यांदा तिनेच आणला.

डुलकीमागचा शोध खरोखर देखणा होता. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं बाळ आईच्या चालीला सरावतं. प्रत्येक बाईची चाल वेगळी. कुणी झपाझप चालते, कुणी एका पायावर जरा जास्त भार देते, जिना चढताना कुणाचं काळीज लवकर धडधडतं. या सगळ्याची मिळून एक लय बनते. तिला संशोधकांनी गर्भलय असं नाव दिलं. जन्मल्यावर बाळाला नेमकी तीच लय परत दिली, तर ते काही क्षणांत निवतं, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हापासून पोटुशी बाई कमरेला एक मऊ पट्टा बांधून हिंडायची, पट्टा तिची लय टिपायचा, आणि बाळ आलं की डुलकी त्या लयीत डुलायची, गुणगुणायची. आई शेजारच्या खोलीत गाढ झोपलेली असली तरी बाळाच्या लेखी ती त्याला पोटात घेऊन चालतच असायची.

आता डुलायचं कधी, हे पाळण्याला कळायचं ते गादीखालच्या फळीवर ताणलेल्या एका पडद्यामुळे. पडदा कागदाहून पातळ. त्याच्यावरचा दाब बदलला की त्यात वीज उमटते. बाळाचं काळीज ठोका देतं, छाती वरखाली होते, पाय झाडले जातात, ते सगळं विजेच्या रेषेत उतरतं. बाळं झोपेतही चुळबुळतात. ती चुळबुळ हलकी असली तर डुलकी त्यांना पुन्हा झोपेत ढकलायची. पाय जोरात आणि सारखे झाडले जाऊ लागले तर ती भूक, असं समजून ती थांबायची आणि आईच्या फोनवर निरोप द्यायची. फक्त बदल तेवढा ओळखायचा आणि ओझं ओळखायचं नाही, असा त्या पडद्याचा स्वभाव होता. तासन्तास एका जागी पडून राहिलेली वस्तू त्याच्या लेखी नसायचीच.

मिहिकाला बाळंतपणानंतर रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता. झोप हेच तिचं औषध, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डुलकीने ते औषध तिला भरभरून दिलं. शार्दूल पुण्याला नोकरीवर परत गेला तो निर्धास्त होऊन गेला. हे सगळं वृषालीला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या सकाळी काटा पिशवीत ठेवताना तिच्या मनाने घेतलं की आज इथून हलायचं नाही. पुढच्या दोन घरांना तिने उद्या येते म्हणून कळवलं आणि पाळण्याशेजारी वेताचा मोढा ओढून बसली.

तिने पाळण्याला हात लावला नाही, फक्त बघत राहिली.

बऱ्याच वेळाने कृष्णाईचे ओठ हलले. जीभ बाहेर आली, मान एका अंगाला वळली, मूठ तोंडाशी गेली. भुकेचं पहिलं बोलणं हे असं असतं. रडणं फार नंतर येतं. मग पाय हलले, एकदा, दोनदा, चांगले झाडले. वृषालीने मिहिकाच्या फोनवर उमटणाऱ्या डुलकीच्या रेषेकडे पाहिलं. रेषा जेमतेम उचलली होती. डुलकी गुणगुणायला लागली, पाळणा मिहिकाच्या चालीने झुलला, आणि मुठीवरची पकड सुटून पोर झोपी गेली. पाळण्यावर हिरवा दिवा, म्हणजे सगळं ठीक.

अर्ध्या तासाने पुन्हा तेच, आणि जेवणवेळेआधी आणखी एकदा. प्रत्येक वेळी पोरगी भूक भूक म्हणून सांगत होती आणि पाळणा तिला प्रेमाने गप्प करत होता. तिसऱ्या वेळी वृषालीला बघवेना. तिने बाळाला उचलून मिहिकाच्या कुशीत दिलं. कृष्णाई चार घोट प्यायली आणि दमून झोपली.

वृषालीने डुलकीच्या कंपनीला फोन लावला. मदतकेंद्रातल्या बाईंनी सगळे आलेख पाहिले आणि अभिनंदन केलं. श्वास उत्तम, ठोके उत्तम, तुमचं बाळ आमच्या सर्वांत छान झोपणाऱ्या बाळांत मोडतं. वृषालीने विचारलं, ते जेवतं कधी? त्यावर बाई म्हणाल्या की आहार हा आमच्या उपकरणाचा विषय नाही.

मिहिकाने फोन वृषालीच्या हातातून घेतला आणि छातीकडचा व पायाकडचा असे दोन्ही आलेख एकाखाली एक लावले. छातीकडची रेषा ठसठशीत होती. पायाकडची मात्र बारशाच्या दिवसापासून एकदम मलूल झाली होती.

"आमच्या पुलावर असं झालं असतं ना, तर मी म्हटलं असतं त्या टोकाला कुणीतरी ट्रक उभा केलाय," ती म्हणाली. "वजन ठेवलं की थरथर दबते. तबल्यावर एक हात टेकवून दुसऱ्याने थाप मारा, बद्द वाजणार. ताई, गादीखाली काही आहे का?"

वृषालीचा हात गादीच्या पायाकडच्या कडेला गेला. कारण गादीखाली काय आहे हे तिला पक्कं माहीत होतं. ते तिथे तिनेच ठेवलं होतं.

बारशाला वरवंट्याला बाळासारखं टोपडं-कुंची घालायची, पाळण्याखालून आणि वरून त्याला फिरवायचं, मग बाळाला पाळण्यात ठेवायचं, हे घरोघर चालतं. काकूंच्या घरी, आणि अशा काही जुन्या घरांत, त्यापुढची एक रीत होती. सव्वा महिना तो वरवंटा पाळण्यात बाळाच्या पायाशीच राहायचा. दगडासारखं आयुष्य लाभो, आणि काय इडापिडा असेल ती दगडावर जावो. शार्दूलच्या पायाशी तो होता, त्याच्या बापाच्या पायाशी होता, आणि तो माहेराहून घेऊन आलेल्या काकूंच्या सासूबाई बाळ होत्या तेव्हा त्यांच्याही पायाशी म्हणे तोच होता.

पाळण्यात बाळाशेजारी मोकळा दगड वृषाली चालवून घेणार नव्हती. बाळ सरकलं, दगड घरंगळला, तर काय घ्या. मिहिकाला तर वरवंटा पाळण्यात नकोच होता. बारशाला जमलेल्या बायांसमोर सासू-सुनेची जुंपायची वेळ आली. तेव्हा वृषालीने पुढे होऊन तोडगा काढला होता. वरवंटा दुपट्यात गुंडाळायचा आणि गादीच्या खाली, पायाच्या बाजूला ठेवायचा. रीतही राहते आणि बाळही सुरक्षित. काकू खूश, बारसं उरकलं की तो निघेल असं धरून मिहिकाही खूश, आत्याने कानात नाव सांगितलं, पेढे वाटले गेले. आपल्या त्या शहाणपणावर वृषाली इतकी खूश होती की तिने तो तोडगा अशी रीत असलेल्या आणखी काही घरी आणि नव्या बालसेविकांना शिकवताना वर्गातही सांगितला होता.

तिने गादीची कड उचलली, दुपटं बाहेर ओढलं आणि वरवंटा जमिनीवर ठेवला. मग मिहिकाच्या सांगण्यावरून बोटाने गादीवर टकटक केलं. रेषा ताडकन उसळली. वरवंटा पुन्हा फळीवर ठेवून तेवढीच टकटक केली. रेषा मान टाकून पडली. बाळाच्या छातीखालचा भाग मोकळा होता म्हणून श्वास आणि ठोके बरोबर येत होते. पायांखालचा पडदा मात्र दगडाखाली गाडला गेला होता. पोर पाय झाडून झाडून भूक सांगायची, आणि पाळण्याला ती हलकी चुळबुळ वाटायची.

जयश्रीकाकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे आमच्या वरवंट्यानं पोरगी सुकवली म्हणतीस?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला.

"वरवंट्यानं नाही काकू. तुम्ही पायाशी म्हणाला होता. गादीखाली मी ठेवला."

काकूंनी वरवंटा उचलला, पदराने पुसला आणि कुणाशीही न बोलता आत नेला. थोड्या वेळाने स्टुलावर चढल्याचा आणि माळ्याचं दार लागल्याचा आवाज आला. वृषालीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी त्याच दुपारी बाळाला तपासलं. आजार काही नव्हता. बाळ उपाशी आहे, एवढंच ते म्हणाले. बाळंतविड्याच्या डब्यांनी फडताळं भरलेल्या घरातलं पोर उपाशी, हे ऐकून मिहिका तिथेच रडली. डॉक्टरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. तोवर वजन चढायला लागलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने दूध द्यावं लागणार होतं.

वरवंटा निघाला म्हणजे प्रश्न सुटला, असं शार्दूलला फोनवर वाटत होतं. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. यंत्र आता बरोबर मोजत होतं, मग चालू करा आणि मिहिकाला झोपू द्या, तिचा रक्तदाब चढला तर काय करायचं? वृषालीने डुलकी चालू करून बघितलीही. पण आता नवीनच गोष्ट ध्यानात आली. कृष्णाई पायच झाडत नव्हती. ओठ हलायचे, मूठ अर्ध्यावर यायची आणि पोर आपली आपणच निवून जायची. पाळणा बंद ठेवला तरी तेच.

वृषालीला हे ठाऊक होतं आणि म्हणूनच तिला भीती वाटली. पोट भरलेलं बाळ झोपतं तसं उपाशी बाळही झोपतं. अंगात शिल्लक असलेली ताकद राखायला त्याचं शरीर त्याला झोपवतं. जेवढं कमी प्यायलं तेवढी झोप जास्त, जेवढी झोप जास्त तेवढं पिणं कमी. तिकडे आईचं दूधही मागणी नाही म्हणून आटायला लागतं. आणि या पोरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली होती. हाक मारली की दूध येतं, हे जगातलं पहिलं ज्ञान तिला मिळालंच नव्हतं. तिने हाक मारली तेव्हा तिला झोप मिळाली होती. मग तिने हाक मारणं सोडून दिलं.

"यंत्र तिचं ऐकेल," वृषालीने मिहिकाला सांगितलं, "पण ती बोलतच नाहीये. आधी तिला मागायला शिकवू. डुलकीचं नंतर बघू."

मिहिका म्हणाली, "वायर काढा."

वृषालीने वायर काढली. पाळण्याचा हिरवा दिवा विझला आणि घरात कसंसंच वाटलं, कारण तो दिवा बघून सगळे सुखाने जेवायचे.

मग जे सुरू झालं ते कष्टाचं काम होतं. दर दोन तासांनी बाळाला उठवायचं. उठवायचं म्हणजे नुसतं हलवायचं नव्हे. कपडे उतरवायचे, तळपाय चोळायचे, ओल्या फडक्याने गाल पुसायचा, आईच्या उघड्या छातीवर पालथं घालायचं. चार घोट प्यायली की ती झोपणार, पुन्हा तळपाय चोळायचे. मग मिहिकाने काढून ठेवलेलं दूध बोंडल्याने पाजायचं. ते बोंडलं काकूंच्या कपाटातलं, चांदीचं, चोचीपाशी जरा चेपलेलं. वृषालीने मागितलं नव्हतं. एका सकाळी काकूंनी ते उकळत्या पाण्यातून काढून तिच्यापुढे ठेवलं आणि बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. वृषालीशी त्या अजूनही बोलत नव्हत्या. पण त्यांचा हात असा बसलेला होता की दुधाचा थेंबही गालावर ओघळत नसे. न बोलताच त्यांनी पाळ्याही लावून घेतल्या. मधल्या वेळात मिहिकाला खोलीत ढकलून त्या बाहेरून कडी घालायच्या, आणि झोप नाही आली तर डोळे मिटून पड, असं दाराबाहेरून बजावायच्या.

पण पोर रडेना. वेळेवर पाजलं की प्यायची, नाही पाजलं तर तशीच पडून राहायची. भूक लागायच्या वेळेआधी वृषाली तिला छातीशी धरून बसायची आणि वाट बघायची. ओठ हलले रे हलले की लगेच दूध द्यायचं. पाळण्याच्या गुणगुणण्याआधी आपण पोचायचं, असं जणू ती पैजेने करत होती, तो पाळणा बंद पडलेला असतानाही.

तिने आणखी एक काम केलं. गॅलरीत उभी राहून डुलकी वापरणाऱ्या आपल्या एकेका घराला फोन लावला. वरवंटा गादीखाली ठेवा असं मी सांगितलं होतं, ते चुकलं, आधी तो काढा आणि मग बाळाचं वजन करा. हेच तिने स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून आपल्याकडे शिकून गेलेल्या सगळ्या बालसेविकांना पाठवलं. ते कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. साहेबलोकांनी नम्रपणे सुचवलं, की आमची चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबलात तर बरं. त्यांच्या प्रयोगशाळेत बाळं होती, पण बारशी झालेली नव्हती, हे त्यांनाही आता उमगलं होतं.

"तुमची चौकशी थांबू शकते," वृषाली म्हणाली, "बाळाचं वाढायचं वय थांबत नाही."

काही घरांनी आभार मानले. काहींनी तिची सेवा बंद केली, आणि एका सासूबाईंनी तर ती आमच्या रितीभातींच्या मुळावर उठलीय असं गावभर केलं. दोन घरी वरवंटा अजून गादीखालीच होता. त्यातल्या एका घरच्या बाळाचं वजन घसरायला नुकतीच सुरुवात झाली होती. आजच्या आज बाळाला डॉक्टरांकडे न्या, असं सांगून वृषालीने तो फोन ठेवला. मागे वळली तर काकू चहाचा कप घेऊन उभ्या.

"सगळ्यांना स्वतःचंच नाव सांगितलंस," काकू म्हणाल्या. "आमचं घर काढलं नाहीस कुठं."

"तुमच्या घराची चूक नव्हती काकू. माझं शहाणपण नडलं."

काकूंनी कप तिच्या हातात दिला. "चहा गार करू नकोस," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. सासूने दिलेली वस्तू माळ्यावर टाकल्यापासून त्यांना स्वयंपाकघरात करमत नव्हतं, हे मिहिकाने वृषालीला हळूच सांगितलं होतं. रागावून नव्हता टाकला त्यांनी तो. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून टाकला होता.

रविवारी सकाळी काटा लागला. आकडा चढला होता. फार नाही, पण पोटातलं दूध आणि ओला लंगोट वजा करूनही उरेल इतका नक्की. मिहिकाने तो पुन्हा लावायला लावला, मग तिसऱ्यांदा. पुण्याहून आलेला शार्दूल काट्यापुढे हात जोडून उभा राहिला, तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा हसू आलं. पण वृषालीचं समाधान झालं नव्हतं. हे वजन आपण चढवलंय. आपण थकलो, एका दुपारी डोळा लागला, तर ही पोर मागणार का? तोवर काम झालं असं ती म्हणणार नव्हती.

जेवायच्या आधी मिहिका सासूबाईंना म्हणाली, "आई, चटणी खावीशी वाटतीय. लसूण-खोबऱ्याची. मिक्सरमधली नको, पाट्यावरची."

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने स्टूल ओढल्याचा आवाज आला, माळ्याचं दार कुरकुरलं. मग पाटा मांडला गेला, आणि दगडावर दगड घासल्याचा घर्र-घर्र आवाज सगळ्या घरात भरला.

कृष्णाई दिवाणखान्यात सतरंजीवर झोपली होती. तिने दचकून दोन्ही हात फेकले. पाजायच्या वेळेला अजून बराच अवकाश होता. तिचे ओठ हलले, जीभ बाहेर आली, मूठ तोंडाशी गेली. मिहिका उठायला लागली. वृषालीने हाताने तिला थांबवलं, जरासंच. आत काकूंचा हात चालूच होता. कृष्णाईने एक पाय झाडला. मग दुसरा. मग दोन्ही, सारखे, जोरात. तिचं तोंड लालबुंद झालं, हनुवटी थरथरली, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. अख्खी सोसायटी ऐकेल असा टाहो तिने फोडला.

मिहिकाने झडप घालून तिला छातीशी घेतलं. पोर अशी तुटून पडली की आईच्या तोंडून 'स्स' निघालं, आणि आई हसतही होती आणि रडतही होती. शार्दूल उगाचच खिडक्या उघडत सुटला. वृषाली भिंतीला टेकून खाली बसली. आता पाळणा चालू केला तरी चालेल, असं तिच्या मनात आलं. आता त्याला ऐकायला काहीतरी होतं.

काकू वरवंट्यासकट बाहेर आल्या. हाताला लसूण, खोबरं, तिखट. नातीकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बिरनाळेमामी जिना चढून धापा टाकत आल्या होत्या.

"काय ओ वैनी," त्यांनी विचारलं, "पाहुणे आलेत का? कुणाचं बाळ रडतंय एवढं?"

"आमचंच," जयश्रीकाकू म्हणाल्या. "आमचीच आहे ती."